निळा चंबू कुणाचा?

“आधी पाणगिरणी, मग पांढऱ्या खांबांची कोठी, आणि मग आइस्क्रीम!” लेनोराने माहितीपत्रकावर बोट आपटून जाहीर केलं.

“आधी आइस्क्रीम!” आठ वर्षांचा सायरस ओरडला. “गिरणी दोनशे वर्षं तिथंच आहे. आइस्क्रीम वितळतं!”

लेनोरा आणि तिचा हा धाकटा भाऊ सुट्टीसाठी डेट्रॉइटहून जॉर्जियातल्या सीडर फोर्क या इवल्याशा गावी आले होते. त्यांचा आतेभाऊ बुकर इथलाच. तो बिस्किटावर पीचचा मुरंबा थापत हसत होता.

“गप्प बसा रे कार्ट्यांनो, माझा केक बसेल!” भट्टीपाशी उभी असलेली ओडेसाआत्या म्हणाली. ती त्यांच्या आजोबांची बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. उद्या ‘घरवापसीचा रविवार’ होता. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी चर्चमध्ये परत येतात, पाळकबाबांचं प्रवचन बोलता बोलता गाणं होतं, आणि मग आत्या जुन्या मंडळींची नावं गाते. केक ढवळताना ती तेच गुणगुणत होती:

“एस्थर गेली, चहाचा पेला ठेवून गेली...”

“देवाच्या ओठी नाव आहे!” बुकरने तोंडातल्या घासासकट पालुपद उचललं. गावातल्या प्रत्येक पोराला हे पाठ होतं, आणि दर सुट्टीत ऐकून ऐकून लेनोरालाही.

“पण पेला कशाला ठेवायचा?” लेनोराने विचारलं.

“माणसाने शेवटी हाती धरलेली वस्तू त्याच्या थडग्यावर ठेवायची, तीही फोडून. म्हणजे घरातली मरणाची साखळी तुटते. दगड कोरून घ्यायची ऐपत होती कुणाची?” आत्याचा हात थांबला. “माझ्या आईचा निळा चंबू होता. मी चार वर्षांची. कुणीतरी खांद्यावरून ओढ्यापलीकडे नेलं, एवढंच आठवतं. पुढे जुनं चर्च जळालं, रान माजलं, त्या जमिनीला कुंपण पडलं. ऐंशी वर्षं शोधतेय. एकदा तिच्या उशाशी बसायचं होतं गं. आता पाय साथ देत नाहीत.”

बुकरने बिस्किट खाली ठेवलं. सायरसनेसुद्धा आइस्क्रीमचं नाव काढलं नाही.

दुपारी तिघं भटकायला निघाली. गिरणीचं चाक बंदच होतं. कोठीत मात्र सतरा आरसे होते आणि सायरसने सतराही आरशांत जीभ काढून पाहिली. कोठी यंदाच लोकांसाठी खुली झाली होती. मागच्या बाजूला कुंपण मोडलेलं, झाडांना नारिंगी फिती बांधलेल्या, आणि काटेरी रानात एका भल्यामोठ्या पिवळ्या यंत्राने वाट पाडलेली.

“ए पोरांनो!” यंत्राच्या सावलीत सँडविच खात बसलेले मुकादम गॅरिटी ओरडले. “आत जाऊ नका. सोमवारी इथं सगळं सपाट करायचंय. पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा हवी.”

“आत काय आहे?” लेनोराने विचारलं.

“काय असणार? जुना उकिरडा! फुटक्या कपबश्या, बाटल्या. नकाशात बघितलंय मी, मोकळी जागा आहे.”

तेवढ्यात सायरस वाटेच्या कडेला वाकला. “ताई, शंख! समुद्रातला!”

“समुद्र इथून दीडशे मैल आहे, बावळटा,” बुकर म्हणाला. पण शंख खराच होता. सायरसने तो खिशात टाकला.

लेनोरा झाडीत डोकावली. पुढे एक फुटका पेला. पाच पावलांवर कंदिलाची काच. आणखी पाच पावलांवर बिनदांड्याची किटली. प्रत्येक वस्तूपाशी जमीन लांबट खचलेली, आणि सगळे खड्डे सूर्य उगवतो त्या दिशेला पाय करून निजल्यासारखे!

“बुकर,” ती हळूच म्हणाली, “उकिरडा ओळीत कोण टाकतं रे?”

बुकरचे डोळे विस्फारले. “पेला... एस्थर! काच... मोझेस! किटली... रूथ! अगं, हे आत्याचं गाणं आहे! त्याच क्रमाने!”

तिघं एकेक नाव पुटपुटत पुढे सरकली. चौथी शंखवाली सॅली. तिचा शंख यंत्राने वाटेवर उडवला होता. पाचवा तुटक्या वस्तऱ्याचा नोहा. आणि सहावी हेस्टर, आत्याची आई! तिथे यंत्राने लोटलेल्या फांद्यांचा ढीग होता. तिघांनी हात ओरबाडून घेत तो उपसला. मातीतून निळा कान डोकावला. चंबूचा कान!

“कुणी हात लावू नका,” लेनोरा कुजबुजली. सोमवारी हे सगळं चाकाखाली जाणार होतं!

तिघं धावत परत गेली आणि ही थडगी आहेत, गाण्यातल्याच क्रमाने, असं त्यांनी सांगितलं. गॅरिटी मात्र खो खो हसले. “गाणं? गाण्यावर मी काम थांबवू?”

लेनोराने जरा विचार केला. “काका, पैज लावू. मी इथंच, झाडीकडे पाठ करून उभी राहते. सहाव्या थडग्याच्या पुढे आम्ही गेलोच नाही, ढिगापलीकडचे काटे बघा, कुणी मोडलेत का? तिकडे काय काय पडलंय ते मी गाऊन सांगते. तीन बरोबर आले तर वरच्या साहेबांना फोन करायचा.”

“आणि चुकलीस तर?”

“तर सायरस आठवडाभर आइस्क्रीम खाणार नाही.”

“ताई!!”

गॅरिटींना मजा वाटली. ते काटे तुडवत आत गेले. लेनोराने डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला:

“जोना गेला, मातीच्या चिलमीचा तुकडा ठेवून गेला...”

“देवाच्या ओठी नाव आहे!” पोरांनी साथ दिली.

“आहे!” आतून आवाज आला. “योगायोग असेल!”

“डोर्कस गेली, शिवणाची कात्री ठेवून गेली...”

या वेळी आतला आवाज खाली आला होता. “...आहे.”

“टोबायस गेला, सव्वाचारला थांबलेलं घड्याळ ठेवून गेला...”

काटे मोडत कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. लेनोराने वळून पाहिलं. गॅरिटी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी डोक्यावरचा पिवळा टोप काढून छातीशी धरला होता.

“सव्वाचार,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “देवा रे! नकाशा बघितला आणि जमीन बघितलीच नाही मी!” यंत्राची किल्ली त्यांनी खिशात टाकली, फोन लावला, आणि एकेक नारिंगी फीत स्वतःच्या हाताने सोडवली.

रविवारी चर्चची बाकं रिकामी राहिली. अख्खी मंडळी पांढऱ्या कपड्यांत, पंखे हलवत त्या झाडीत उभी होती. ओडेसाआत्याला बुकरच्या बाबांनी खांद्यावर घेऊन आणलं, ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी आणलं होतं तसंच, आणि आईच्या उशाशी बसवलं! पाळकबाबांचं प्रवचन चढत गेलं, शब्दांचे सूर झाले. “जगाने उकिरडा म्हटला, पण प्रभूला एकेक तुकडा ठाऊक होता! आणि दाखवला कुणी? या तीन लेकरांनी!” मंडळींनी “आमेन!” म्हणत टाळ्यांचा गजर केला. सगळ्यात मागे उभ्या असलेल्या गॅरिटींनीही.

मग आत्या नावं गायला लागली. पाचवं नाव झालं. सहाव्याला ती थांबली. तिने निळ्या कानावर हात ठेवला.

लेनोरा तिच्याशेजारी मातीत बसली आणि तिने ओळ उचलली:

“हेस्टर गेली, निळा चंबू ठेवून गेली...”

“देवाच्या ओठी नाव आहे!” सारं रान घुमलं.

आत्याने डोळे पुसले. “पुढच्या वर्षीपासून नावं तू गायची, लेनोरा. मी आता आईजवळ बसून ऐकायचं काम करेन.”

“आणि मी?” सायरसने विचारलं.

“तू?” आत्या हसली. “शंख तूच उचललास ना? मग सॅलीच्या उशाशी तूच नेऊन ठेव. आइस्क्रीम त्यानंतर.”

सायरसने खिशातून शंख काढला, शर्टाला पुसला, आणि पहिल्यांदाच अगदी हळू पावलं टाकत निघाला.