देवगांडुळाचा कणा

पाय नाहीत, कल्ले नाहीत, पिसं तर नाहीतच. अंगभर वळ्या आणि राहायला चिखल. मग हे गांडूळ नाही तर काय?

पारखी नावाच्या यंत्रमानवाला हा प्रश्न पडलाच नव्हता. कुंभारड्याच्या ओहळाकाठची माती तीन दिवस चाळून त्याने नोंद केली होती : 'गांडुळे, सदतीस.' कणा असलेला दुर्मीळ प्राणी सापडला तर तिथे होणाऱ्या बोगद्याचं खोदकाम थांबवायचं, असा नियम होता. गांडुळांसाठी कोण थांबतं?

पण दहा वर्षांच्या चैत्रालीने एका दगडाखाली वेगळंच पाहिलं होतं. बोटाएवढं जाड, जांभळट, कडेला पिवळा पट्टा असलेलं ते 'गांडूळ' आपल्या अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलं होतं. अंडी राखणारं गांडूळ? खोदयंत्र ओहळात उतरलं त्या सकाळी ती आबांना, म्हणजे प्राणिशास्त्रज्ञ आजोबांना, ओढतच तिथे घेऊन आली.

आबांनी दगड उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला. "देवगांडूळ आहे हे. पारखी, याच्या आत बघ."

पारखीच्या छातीवरचा पडदा उजळला. डोक्यापासून शेपटापर्यंत माळेतल्या मण्यांसारखी बारीक हाडं!

"हे मणके," आबा म्हणाले. "एकाला एक जोडून त्यांचा कणा होतो. कण्यातून मज्जारज्जू (मेंदूचे निरोप अंगभर नेणारी दोरी) जाते. पुढे कवटी, तिच्यात मेंदू. गांडुळात हाड औषधालासुद्धा नसतं, आणि त्याची निरोपाची दोरी पाठीकडून नाही, पोटाकडून जाते."

"पण याला पाय कुठेत?"

"सापाला तरी कुठेत? आणि झुरळाला सहा असून उपयोग काय, कणाच नाही! मासा, बेडूक, साप, कावळा आणि तू, सगळे पृष्ठवंशीय (पाठीला कणा असलेले). हे तर बेडकाचं दुर्मीळ भावंड, उभयचर (पाणी आणि जमीन दोन्हीकडे संसार करणारं)."

"मग पारखी चुकला कसा?"

"मला दिलेल्या प्राणी ओळखायच्या यादीप्रमाणे वळ्या असलेला, बिनपायांचा, मातीत राहणारा प्राणी म्हणजे गांडूळ," पारखी म्हणाला. "आत बघायचं नाही, वेळ जातो. यादी करणारे डॉ. वामन परुळेकर."

चैत्रालीने आबांकडे पाहिलं. ते नाव आबांचंच होतं.

"यादीची घाई होती गं," आबा खाली बघत म्हणाले. "देवगांडूळ कुणाच्या नजरेला पडतंय, असं वाटलं मला."

चैत्रालीला त्यांचा भयंकर राग आला. परक्या माणसावर चिडणं सोपं असतं. ज्याने तुम्हाला चतुर आणि नाकतोडा यांतला फरक शिकवला, त्याच्यावर चिडणं फार अवघड असतं.

पारखीने दुरुस्ती पाठवली. बोगद्याच्या कार्यालयातून लगेच उत्तर आलं, 'इथली मोजणी परवाच बंद झाली. दुरुस्ती पुढच्या जागांना लागू.' वरातीमागून घोडं!

यंत्राच्या चालकाने भोंगा वाजवला. आबांनी त्याला हात जोडून थोडा वेळ मागितला. मग चैत्राली आणि आबांनी मिळून ते देवगांडूळ आणि त्याची अंडी ओल्या मातीच्या ढेकळासकट अलगद घमेल्यात उचलली.

"आणि बाकीची?"

"ती जमिनीच्या पोटात. एवढ्यात नाही सापडायची."

यंत्राचं फावडं खाली आलं. चैत्रालीने डोळे मिटले नाहीत. निदान कुणीतरी बघायला हवं, असं तिला वाटलं.

"पलीकडच्या खोऱ्यातलं काम आत्ताच थांबलं," पारखी म्हणाला. "तिथल्या यंत्रमानवाने आधी मोजलेली 'गांडुळं' नव्या ओळखीने पुन्हा तपासली. त्यांत एकशे बारा देवगांडुळं निघाली."

आबांचे डोळे भरून आले. चैत्रालीलाही बरं वाटलं, अगदी मनापासून. पण फावड्यातला चिखल ट्रकमध्ये पडतच होता.

"आण ते घमेलं, जड आहे," आबांनी हात पुढे केला.

"मी नेते." तिने घमेलं पोटाशी धरलं. "आणि आबा, यापुढे तुमची कुठलीही यादी पाठवायच्या आधी मी वाचणार."