पोटरीवरचे सात टाके

कोंढरगडाच्या कड्यावरून पहाटेचे धुके खाली ओघळू लागले, की पायथ्याचा मोगलांचा तळ थोडाथोडा उघडा पडे. आधी हत्तींच्या पाठी, मग राहुट्यांचे शेंडे, आणि शेवटी तोफांची काळी तोंडे. वेढ्याला पाचवा महिना लागला होता. गडावरची घोडी केव्हाच खाली पाठवली होती आणि रिकाम्या पागेत आता जखमी निजत. जखमींच्या उशापायथ्याशी चाळीस वर्षे वावरलेली साळूबाई त्या सकाळी दारात उभी राहून उतारावरची पायवाट न्याहाळत होती.

जखमा शिवणारा दाऊद जर्राह परत यायचा होता.

चोवीस वर्षांचा तो पोर पागेत आला तेव्हा साळूबाईने नाक मुरडले होते. महिन्याभरात तीच त्याच्याकडून शिकू लागली. सुती धाग्याचे टाके पिकतात, म्हणून तो घोड्याच्या शेपटीचे केस उकळून वापरी आणि शेवटची गाठ डावीकडे दुहेरी पिळून मारी. ती गाठ मुलखात दोनच हातांना येत होती, एक त्याचा आणि एक तिचा. कण्हणाऱ्या माणसाशी तो त्याच्या गावच्या गोष्टी बोले, आणि गोष्ट संपेपर्यंत टाके घालून झालेले असत.

त्याच्या हाताची कीर्ती खाली तळावरही पोचली होती. मोगल सरदाराचा मुलगा जखमी झाला, तेव्हा पांढरे निशाण आले. मिठाच्या एका गोणीच्या बदल्यात किल्लेदार नरसोजी निकमांनी दाऊदला एका दिवसासाठी खाली धाडले होते.

तो आला तो घामाने निथळत, पाठीवर गोणी घेऊन.

"घ्या मावशी, मीठ! आता तुमची आमटीही सुधारेल."

"माझ्या आमटीला नावं ठेवणाऱ्या, आधी पाणी पी."

पाणी पिऊन त्याने आवाज उतरवला. "सरदाराच्या डेऱ्यात एक माणूस बसला होता. तोंडावर शेला. पण धोतर वर सरकलं आणि पोटरी दिसली. सात टाके, गाठ डावीकडची. मी घातलेले नव्हेत, मावशी. कुणाला घातलेत तुम्ही?"

साळूबाईला ते टाके आठवले. दहा दिवसांमागे मुधोजी आला होता, सबनीस विसाजीपंतांच्या दिमतीचा शिलेदार. खडकावर पडलो म्हणाला. तिने विचारले नव्हते. कुणाची जखम कुणाला सांगायची नाही, हा तिच्या सासूपासून चालत आलेला रिवाज होता आणि तिने तो चाळीस वर्षे पाळला होता.

"दुपारपर्यंत थांब," ती म्हणाली. "ज्याची जखम त्याला विचारल्याशिवाय मी नाव घ्यायची नाही."

"विचाराल, आणि तो पळेल."

"खरा असेल तर कशाला पळेल?"

दाऊद गोणी कोपऱ्यात ठेवून जखमींकडे वळला. तिचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

मुधोजी पळाला नाही. साळूबाईचे बोलणे त्याने हसून ऐकून घेतले, "दिवस कलायच्या आत मीच किल्लेदारांसमोर उभा राहतो, आई," असे म्हणाला, आणि ती वळताच सबनिसांच्या घराकडे चालू लागला. दिवस कलण्याआधी दाऊदला दोरखंडांनी बांधून सदरेवर उभे केले होते. मिठाच्या गोणीतून मोगलांच्या मुद्रेची चिठ्ठी निघाली होती. चोरदरवाजाची वाट कळवल्याबद्दल जर्राहाला शाबासकी दिलेली.

साळूबाई शिपायांना ढकलून पुढे आली.

"सरकार, फितूर हा नव्हे! खालच्या डेऱ्यात बसला होता तो मुधोजी. त्याच्या पोटरीला टाके माझ्या हातचे आहेत. धोतर वर करायला सांगा!"

"अवश्य पाहावे, सरकार," विसाजीपंत शांतपणे म्हणाले. "संशय कशाला ठेवावा?"

मुधोजीने धोतर वर केले. टाके नव्हते. टीचभर कातडी जळून लाल मांस दिसत होते.

"दुपारी उकळतं तेल सांडलं, सरकार."

सदरेवर कुजबूज झाली. नरसोजी निकम हा शूर माणूस होता, पण पाच महिन्यांच्या उपासाने आणि जागरणाने त्याची नजर मंदावली होती. त्याला चिठ्ठी दिसत होती. गाठ दिसत नव्हती.

विसाजीपंत दाऊदकडे वळले. "पोरा, तू अजाण आहेस. निरोप या म्हातारीने पाठवला एवढे कबूल कर. हुजूर तुझा जीव राखतील."

साळूबाई ओरडली, "सांग रे! माझं काय उरलंय? सांग!"

दाऊदने मान हलवली. "मावशींनी आयुष्यात कुणाचा निरोप नेला नाही, सरकार. जखम तेवढी बांधली."

मग त्याची नजर मुधोजीच्या पायावर गेली आणि तिथेच थांबली. जखम पाहताना कपाळाला पडायची तीच आठी तेव्हाही पडली. "मावशी," तो म्हणाला, "त्याला कोरफडीचा गर लावा. रोज दोनदा. नाहीतर पाय सडेल."

सूर्य टेकला तेव्हा त्याला पश्चिमेच्या कड्यावरून लोटून दिले.

दुसऱ्या दिवशी मुधोजी लंगडत पागेत आला. साळूबाईने चाकू उचलला, बराच वेळ तो हातात धरला, आणि त्यानेच कोरफडीचे पान चिरले. दाऊदने सांगितलेले शेवटचे काम होते ते. ते न करणे म्हणजे त्याला पुन्हा एकदा लोटणे, असे तिला वाटले. तिने रोज दोनदा गर लावला. आठव्या दिवशी कातडी धरली.

नवव्या दिवशी त्याच पायाने मुधोजी कडा उतरून गेला, आणि दहाव्या दिवशी उजाडता उजाडता चोरदरवाजाच्या वाटेने मोगलांना वर घेऊन आला. नरसोजी निकम दरवाजातच पडला. पागेत आणला तेव्हा त्याच्या पोटाच्या जखमेला टाके घालण्यात अर्थ नव्हता, तरी साळूबाईने घातले.

"तो पोर..." किल्लेदार पुटपुटला.

"बोलू नका, सरकार."

तिने शेवटची गाठ डावीकडे दुहेरी पिळून मारली. ती बसेपर्यंत तो गेला होता.

साळूबाई पुढे बारा वर्षे जगली, पायथ्याच्या वाडीत. भाजलेली, कापलेली माणसे येत. ती बांधून देई. लेकीसुनांनी ती गाठ शिकवा म्हणून पुष्कळदा गळ घातली, पण तिने ती कुणालाच शिकवली नाही. तिच्या अंगणात कोरफड मात्र कधी उगवू दिली नाही; पावसाळ्यात कुंपणाशी एखादा कोंब दिसलाच, तर ती बसकण मारून तो मुळासकट उपटी, आणि मग हाताला लागलेला चिकट गर पुसायचे विसरून कितीतरी वेळ कड्याकडे पाहत राही.