पेटी उघडेपर्यंत

प्रफुल्लकाकांची कंबर धरली नसती, तर ही दोघं भेटलीच नसती. परळला एका बंद गिरणीच्या तळघरात अनुजाची प्रयोगशाळा होती. दर मंगळवारी काका तिथे द्रवरूप नायट्रोजन भरायला यायचे. त्या मंगळवारी त्यांच्या जागी निमेश आला. माहीमच्या कोळीवाड्यातला, दंडाने भक्कम आणि तोंडाने मोकळा.

“मॅडम, एवढं थंड कशाला लागतं?”

“आत एक स्फटिक आहे. गार असला तरच त्याला बारीक धक्के कळतात.”

“आमची आई पापलेट ठेवते बर्फात. त्याला काय कळत नाय.”

अनुजाने हसू दाबलं. दाबायची तिला सवयच होती.

भरायला लागतात बारा मिनिटं. काका नऊत उरकायचे. निमेशला पहिल्यांदा वीस लागली, मग तीस, आणि नोव्हेंबर येईतो पाऊण तास... नायट्रोजन मात्र तेवढाच. मंगळवारी अनुजाच्या कानात डूल दिसू लागले होते, बुधवारी नसायचे. आमच्यासारख्या गोष्ट सांगणाऱ्यांना एवढं पुरतं.

“शोधतेस तरी काय?” एकदा त्याने विचारलं. मॅडम केव्हाच गळून पडलं होतं.

“डार्क मॅटर. दिसतं त्याच्या पाचपट. आत्ता तुझ्या आरपार जात असेल.”

“मग आहे कशावरून?”

“आकाशगंगा एवढ्या वेगाने फिरतात, तरी विस्कटत नाहीत. काहीतरी त्यांना धरून आहे.”

त्याने नळीवरचा बर्फ झटकला. “घरात एखादं माणूस असतं तसं,” म्हणाला.

त्या वाक्यापाशी अनुजा हरली. पण कबूल करेल तर ती अनुजा कसली.

तिच्या कामाची एक रीत होती. ज्याला काही सापडायला हवं असतं, त्याला ते सापडतंच. म्हणून ऐन महत्त्वाच्या नोंदी स्वतःपासूनच लपवून ठेवायच्या. तपासणीचे नियम आधी पक्के करायचे, मग ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर ती पेटी उघडायची. पेटी म्हणजे संगणकातलं कुलूप. त्याचा परवलीचा शब्द प्रयोगाचे प्रमुख रघुवीर सर यांच्यापाशी. पाच वर्षांच्या कामाची पेटी डिसेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी उघडायची होती. काही निघालं तर प्रयोग पुढे चालणार होता, नाहीतर तळघराला टाळं.

नोव्हेंबर सरता सरता निमेश नळी हातात धरून म्हणाला, “अनुजा, एक सांगायचं होतं —”

तो काय सांगणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटलं. आपलं उत्तरही तिने ठरवून टाकलं होतं: हो.

“आत्ता नको. पेटी उघडली की सांग. आत्ता मन हललं तर माझं काम हलेल.”

पुढच्या मंगळवारी त्याने पुन्हा सुरुवात केली. तिने बोट ओठांवर ठेवलं... आणि स्वतःवरच खूश झाली. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज उतरला होता.

“थांबण्यासारखं नसलं तर?”

“विश्व तेरा अब्ज वर्षं थांबलंय रे. तू एक आठवडा थांब.”

तो थांबला.

ठरलेल्या मंगळवारी बाहेर परळवर धुरकं इतकं दाट होतं की समोरच्या क्रेनचं टोक दिसेना. दहा वाजता सरांनी शब्द टाइप केला. पडद्यावर ठिपके उमटले... जेवढे नुसत्या आजूबाजूच्या गोंगाटाने यावेत तेवढेच. त्याहून एकही जास्त नाही. सरांनी चष्मा पुसला. “छान झाली मोजणी,” म्हणाले आणि वर गेले.

अनुजा डोळे कोरडे करून बसली. एक पेटी रिकामी निघाली, दुसरी अजून होती.

दुपारी निमेश आला. केस बारीक कापलेले, अंगात नवा शर्ट.

“काय निघालं?”

“काही नाही. ते जाऊ दे. आता सांग.”

त्याने नळी जोडली नाही. “आईनं वेसाव्याचं स्थळ आणलं होतं. नाय म्हणायचं कारण मागत होती. तेच विचारायला येत होतो, की कारण आहे का.” तो फरशीकडे पाहत राहिला. “रविवारी सुपारी फुटली.”



“ओरडून सांगायचं होतंस, मूर्खा,” ती हळू म्हणाली.

“ऐकलं असतंस?”

हो म्हणणं सोपं होतं. पण पाच वर्षं स्वतःला फसवायचं नाही एवढंच ती शिकली होती. तिने मंगळवार एकेक करून आठवले.

“नाही,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं.

“सर वर भेटले. म्हणाले, यंत्र बंद करणार. नायट्रोजन परत नेऊ?”

“भर.”

“आता कशाला, अनुजा? चार दिवसांत उडून जाईल.”

“भर म्हटलं ना.”

त्याने नळी जोडली, झडप फिरवली. पांढरी वाफ जमिनीवरून सरकत दोघांच्या पावलांशी आली. दोघंही हलली नाहीत. निमेशने झडप पुरती उघडली नव्हती... बारीक धार ठेवली होती.