पन्नास मैलांवरचे काटे

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना तीन मैलांवर, सडकेला लागूनच आमचा मळा आहे. वांगी, मेथी, कांदे आणि धुऱ्याच्या कडेने शेवंती. रोज सकाळी साडेआठला बाबा जुन्या मोटारीत माल भरतात आणि नऊ मैलांवर अमरावतीला नेतात. त्यांच्या शेजारी मी बसते, कारण माझी शाळा अमरावतीला आहे. मी इंग्रजी चौथीत आहे. मोटार आहे म्हणून शाळा आहे, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे मी जे केलं ते का केलं, हे कळेल.

आमच्या मोटारीचे काटे कधीच गेले होते. समोरच्या बोर्डावर नुसती गोल भोकं होती. पेट्रोल मोजायचं काम माझं. एक सरळ तुराटी टाकीत उभी सोडायची आणि ओल कुठवर आली ते पाहायचं. तुराटीवर बाबांनी विळ्याने खाचा केल्या होत्या, एका खाचेला एक गॅलन. माझा अंदाज कधी चुकला नाही. पण इंजिनातलं पाणी किती तापलं ते तुराटीला कळत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूने भरलेली मोटार भर रस्त्यात उकळली, इंजिनाला चीर गेली आणि सगळा झेंडू उन्हात काळा पडला.

त्या दिवशी माय म्हणाली, "हे आंधळं जनावर इका. बैलजोडी घ्या."

"अन् आपल्या रुखमीची शाळा?" बाबा म्हणाले.

"लय शिकली. बैलाले कोनी काटे लावते का?"

मी चुलीपाशी भाकरी खात होते. मला मोठ्या माणसांसमोर बोलता येत नाही.

"इंजिन सांधतो अन् एक डाव काटे बसवून पाहतो," बाबा म्हणाले. "नाई जमलं त सक्रांतीले इकून टाकू."

नाताळच्या सुट्टीच्या सुमारास बाबा अकोल्याला गेले. तिथे मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात एक भंगारवाला आहे. त्याच्याकडून त्यांनी कुठल्यातरी मोडीत निघालेल्या मोटारीचा अख्खा बोर्डच आणला. त्यावर पाच गोल काचा होत्या: पेट्रोल, तेल, उष्णता, बॅटरी आणि वेग. वेगाच्या काचेत खाली मैलांचे आकडे. एका कोपऱ्यात किल्ली तशीच लावलेली, आणि किल्लीला काळी सुती दोरी, हाताळून मऊ झालेली.

बोर्ड बसवायला बडनेऱ्याचे पुंजाराम मिस्त्री आले. तो शुक्रवार होता, सकाळची साडेसहाची वेळ. मळ्यावर धुकं होतं. तारा जोडून झाल्यावर मिस्त्रींनी थोडा वेळ इंजिन चालवून बंद केलं, मग मागे सरले आणि हसले.

"केशवराव, तुमची मोटार त लयच शिकली. इंजिन तापलं अन् काटा म्हने गार."

खरंच, उष्णतेचा काटा तळाशीच होता. मी बोनेटवर हात ठेवला. ते चांगलंच तापलं होतं. मी तुराटी सोडली, तर टाकीत चार गॅलन. काटा मात्र टाकी रिकामी होत आल्याचं सांगत होता.

"काटा खोटं बोलत नसते," मिस्त्री म्हणाले. "तार बोलते, नाई त टाकी बोलते. पाहू कोन लबाड हाय ते."

त्यांनी टाकीकडून येणारी तार सोडवून लोखंडाला टेकवली. काटा एका टोकाला पळायला हवा होता. तो जागचा हलला नाही. मग तेलाची बारीक तांब्याची नळी उघडली. नळीतून तेल टपकलं, म्हणजे नळी साफ होती. उष्णतेच्या काट्याला लांब नळी असते आणि तिच्या टोकाला पितळी बोंड. ते बोंड त्यांनी मायच्या चुलीवरच्या हंड्यात बुडवलं. पाणी कढत होतं, पण काट्यावर काही परिणाम झाला नाही.

"मिस्त्री, माह्यं आंघोळीचं पानी गेलं तुमच्या काट्यापायी," माय म्हणाली.

"वयनी, पानी वाया नाई गेलं. तुमचं पानी खरं हाय एवढं त समजलं."

"मंग हे काटे मेले हायेत," बाबा म्हणाले.

मिस्त्रींनी बॅटरी सोडली. एकेक तार, एकेक नळी काढली. सगळा बोर्ड उचलून जमिनीवर गोणपाटावर ठेवला. आता तो कशालाच जोडलेला नव्हता. मी सर्वांत जवळ होते, म्हणून मला आधी दिसलं. तेलाचा काटा हळूहळू वर गेला, जसा कुणी हँडल मारून इंजिन सुरू केल्यावर जातो. बॅटरीचा काटा थरथरला. मग मैलांच्या आकड्यांतला शेवटचा आकडा वळला, आणि त्याच्या मागून दुसरा आकडा वर आला.

"पुंजाकाका… मैल चालून राहिले."

मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. ते गोणपाटाशी उकिडवे बसले आणि काचेवर वाकले.

"वारा असन," ते म्हणाले.

"काचेच्या आत?" बाबांनी विचारलं.

मिस्त्रींनी बोर्ड परत बसवला. सगळ्या तारा होत्या तशा लावल्या. हात धुताना ते म्हणाले, "आठ-दहा दिस पाहा. नव्या सुनेसारखं असते हे. माहेरची सय येत असन." पण चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर नोंद करू लागले. भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर सकाळ होण्याची मी वाट पाहायची. धुक्यात उभ्या असलेल्या थंडगार मोटारीत एकटी बसून मी काटे पाहायची. बरोबर पावणेआठला तेल चढायचं. मग बॅटरी, मग उष्णता. वेगाचा काटा पंधरावर जायचा, कधी दहावर यायचा, बहुधा चढ असेल. वीस-बावीस मिनिटांत सगळे काटे खाली. रोज पाच मैल. कमी नाही, जास्त नाही.

शुक्रवार धरून पाचव्या दिवशी एक नवी गोष्ट झाली. काटे पडल्यावर पेट्रोलचा काटा उठला आणि सरळ भरलेल्या खुणेवर गेला. कुणीतरी टाकी भरली होती. मी बेरीज केली. पंचवीस मैल. शाळेच्या नकाशात अकोल्यापासून सडकेने पंचवीस मैल मोजले, तर बोट मूर्तिजापूरवर आलं. मूर्तिजापूरला पेट्रोल मिळतं.

तेव्हा मला कळलं की काटे मेलेले नाहीत आणि खोटंही बोलत नाहीत. ते त्यांच्या जुन्या, मोडीत निघालेल्या मोटारीचं सांगत आहेत. ती मोटार अकोल्याहून निघाली आहे.

सातव्या दिवशी पस्तीस मैल, म्हणजे कुरूम. आमचा मळा अकोल्यापासून पन्नास मैलांवर आहे. शनिवारी बेरीज पंचेचाळीस झाली, तेव्हा मी वही मायला दाखवली. मायला वाचता येत नाही. तिने आकड्यांकडे पाहिलंच नाही. मी तोंडाने सगळं सांगितलं, तेव्हा तिने एकच विचारलं.

"त्या किल्लीले दोरी कोनाची हाय व?"

"बोर्डासंगंच आली."

माय उठली आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "तुमी दावं घेऊन आले?"

आमच्याकडे बैल विकत घेतला तर त्याचं दावं आणत नाहीत. ते विकणाऱ्याच्या खुंट्याला ठेवून यायचं आणि आपल्या घरचं नवं दावं बांधायचं. जुनं दावं आणलं तर जनावर इकडचं होत नाही, आणि तिकडचं सुटत नाही. बाबांनी आजवर वीस तरी बैल घेतले असतील. एकाचंही दावं त्यांनी चुकून आणलं नव्हतं.

"मोटारीले काय दावं असते?" बाबा म्हणाले, पण आवाज नरम होता.

"पोळ्याले तिले झूल घालता. दसऱ्याले हळद-कुकू लावता. मंग दावं काहून नसन?"

बाबांनी किल्लीची दोरी सोडली, खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाऊन ती परत द्यायचं ठरवलं. पेट्रोल मोजायला मी सोबत.

रविवारी पावणेआठला आम्ही अकोल्याच्या दिशेने निघालो. त्याच वेळी तेलाचा काटा उठला. तिकडून तीही निघाली होती. मी मांडीवर वही ठेवली आणि एक डोळा मैलाच्या दगडांवर, एक आकड्यांवर. आम्ही एक मैल गेलो, आकडाही एकाने पुढे गेला. आम्ही दोन मैल गेलो, आकडा दोनने. मध्ये एक मैल उरला.

धुकं अजून उठलं नव्हतं. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस पांढरा दिसत होता आणि धुकंही पांढरं, त्यामुळे शेत कुठे संपतं ते समजत नव्हतं. समोरून कापसाची एक बैलबंडी येत होती. एकाएकी तिचे बैल कडेला दबले, जसे मागून लारी आली की दबतात. बाबांनीही वेग कमी केला आणि आमची मोटार डावीकडे, अर्धी मातीत उतरवली.

"बाबा, काहून थांबले?"

"जाऊ दे त्याले."

"कोनाले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले आवाज नाई येऊन राहिला?"

मला आवाज आला नाही. मला वास आला. तापलेल्या तेलाचा आणि बरेच दिवस पाण्यात भिजलेल्या गादीचा. मग एक ऊन झोत माझ्या गालाला लागून मागे गेला, जसा मोठ्या इंजिनाजवळून जाताना लागतो. सडक रिकामी होती. बंडीवाला आमच्या मागे काहीतरी पाहत होता. मग त्याने बैल हाकलले आणि मान खाली घालून निघून गेला.

बाबा म्हणाले, "मांगं वळली… थांबली."

मी काट्यांकडे पाहिलं. सगळे एकदम खाली आले, क्षणभर थरथरले आणि परत उठले. पेट्रोल अर्ध्यावर. मी उतरून तुराटी सोडली. बरोबर अर्धी टाकी. बाबांनी दिवे लावले, बॅटरीचा काटा डावीकडे गेला. दिवे बंद केले, मध्यावर आला. उष्णता हाताला लागत होती तेवढीच काट्यावर होती. मोटार थोडी पुढे घेतली तर मैलही आमचेच पडू लागले.

"बसले," बाबा म्हणाले. ते लहान मुलासारखे हसत होते. "रुखमे, काटे बसले." मग त्यांचा हात खिशाकडे गेला. तिथे दोरी होती. "आता अकोल्याले जाऊन काय करू? तूच सांग. तू शिकलेली हाय."

अकोला पुढे सत्तेचाळीस मैल होतं. दोरी परत दिली असती तर मागे थांबलेलं जे होतं ते तिच्याबरोबर परत गेलं असतं, आणि काटेही परत तसेच झाले असते. संक्रांतीला बारा दिवस उरले होते. मला हे सगळं समजत होतं.

"घरी चला, बाबा," मी म्हणाले.

दुपारी मायने विचारलं, "देली दोरी?"

"देली," बाबा म्हणाले. मी मान खाली घालून भाकरी मोडली.

संक्रांत झाली. मोटार विकली नाही. शाळा सुरू आहे, आणि काटे असे चालतात की पुंजाराम मिस्त्री स्वतःच्या कामाचं कौतुक करत बडनेराभर सांगतात.

मागच्या आठवड्यात बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकाशी एक टोपली कलली, म्हणून बाबांनी रूळ ओलांडून मोटार उभी केली आणि दोर आवळायला मागे गेले. मी खाली उतरले. लांबून आगगाडीची शिटी ऐकू येत होती. फाटकवाले जानराव फाटक धरून उभे होते. सडकेवर कुणी नव्हतं, तरी ते फाटक लावत नव्हते. शिटी पुन्हा झाली. मला राहवलं नाही.

"काका, गाडी आली. फाटक काहून नाई लावत?"

"तुमची मांगची निघू दे ना."

त्यांची मान सावकाश वळत गेली, रुळांच्या पलीकडून अलीकडे, आमच्या मोटारीपर्यंत. मग त्यांनी फाटक ओढून घेतलं.

"डायवर भला मानूस हाय," ते म्हणाले. "मी इचारलं त्याले, एवढं चिटकून काहून चालवता बाप्पा? त म्हने, आमचे काटे समोरच्या मोटारीत हायेत. तेथूनच पाहा लागते."

आगगाडी आली आणि गेली. मी जाऊन माझ्या जागेवर बसले. बाबांनी मोटार सुरू केली. सगळे काटे बरोबर होते.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मोटार विकतील. पण त्या दिवसापासून मी काट्यांकडे कमी आणि बाबांकडे जास्त पाहते. बाबा हल्ली मोटार चालवताना सरळ बसत नाहीत. उजवा खांदा दाराला टेकवून, मान एका बाजूला झुकवून बसतात. रात्री मान दुखते म्हणून माय त्यांना तेल लावून देते.

काल मी विचारलं, "बाबा, असे वाकडे काहून बसता?"

"कसा बसलो?" ते म्हणाले, आणि सरळ झाले.

थोडा वेळ ते सरळ बसले. मग, मागून कुणी हळूच खांद्याला हात लावून समोरचं पाहायला जागा मागावी तसे, पुन्हा बाजूला सरले.