बन्नि की बंद?

"मला आत्ताच्या आत्ता कामावरून काढा!" ब्राह्मीने पन्ह्याचा जग धाडकन टेबलावर ठेवला. "सकाळपासून कन्नडमधला एक शब्द तोंडातनं निघालाय का बघा!"

"आणि माझा मराठी बोलून बोलून घसा बसलाय," विक्रम खो-खो हसत म्हणाला. "तुझ्या वाटणीचं पन्हं मला पाहिजे!"

बेळगावच्या शहापुरात, मागगल्लीच्या तोंडाशी छोटा मांडव होता आणि त्यात हे तिघे स्वागताला उभे होते. सौम्या गल्लीतलीच. तिच्या आप्पांचं, म्हणजे नागेंद्र यांचं, साड्यांचं दुकान अगदी मधोमध, आणि दुकानामागे त्यांचा माग. विक्रम समोरच्या शिंपीकाकांचा मुलगा. ब्राह्मी निपाणीची, मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे आलेली. ती घरी मराठी बोलायची, शाळेत कन्नड, आणि भांडताना दोन्ही! म्हणून तर व्यापारी मंडळाने तिला कन्नड पाहुण्यांसाठी नेमलं होतं.

आज मंडळाचा पहिला रविवार बाजार होता. लोक मोबाइलवर साड्या घ्यायला लागले आणि गल्ली ओस पडली. तेव्हा भांडीवाल्या नागोजी अण्णांनी सगळ्या दुकानदारांना एकत्र आणलं. गटारं साफ झाली, शटरं रंगली, गाड्या लावायला शाळेचं मैदान मिळालं. वर एक नियमही झाला. आपल्याकडे माल नसेल तर गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही, शेजारच्या दुकानात नेऊन बसवायचं! आधी पुष्कळ कुरकुर झाली, पण अण्णांपुढे कोण बोलणार?

सौम्या मात्र हसत नव्हती. "आजचा बाजार न्हाय चालला तर जूनला आम्ही पुण्याला," ती हळूच म्हणाली. "माझ्या मामानं आप्पांना तिथं मॉलमध्ये नोकरी बघितलीय. माग मोडीत घालणार."

विक्रमचं हसू पार मावळलं. सौम्या नाही म्हणजे काय? मग शाळेत बरोबर कोण जाणार?

"थांबा जरा," ब्राह्मी म्हणाली. "गोकाक, बैलहोंगलकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला हितंच येतात न्हवं?"

"येतात की! आप्पांचं निम्मं गिऱ्हाईक तिकडचंच."

"मग आज एक तरी आलंय का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खरंच की! खानापूरचे आले होते, उचगावचे आले होते. पण कन्नड बोलणारं बाहेरगावचं एकही माणूस गल्लीत शिरलं नव्हतं.

"काय तरी गडबड हाय," विक्रम म्हणाला. "चला बसस्टँडवर!"

सायकली सुसाट सुटल्या. बसस्टँडसमोर मंडळाचे दोन बॅनर लावले होते. मराठी बॅनरवर झोकात लिहिलं होतं, 'रविवारी शहापूरला या!' शेजारच्या कन्नड बॅनरकडे ब्राह्मीने पाहिलं आणि असा करकचून ब्रेक दाबला, की विक्रम तिच्यावर जाऊन आदळला.

"आंधळी हायस का गं!"

"मी न्हवं, तुमचं मंडळ आंधळं हाय! वाच ते!"

विक्रमने एकेक अक्षर जुळवलं. "भा-नु-वा-र... म्हणजे रविवार... शहापूर... बं... बंद?"

"बन्नि पाहिजे हुतं! बन्नि म्हणजे या. ह्यांनी छापलंय बंद!"

गल्लीतली मोठी माणसं कन्नड फडाफडा बोलायची, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना ते वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं, ते बाजाराच्या तयारीत बुडाले होते. इकडे फिरकायला कुणाला सवड होती?

सौम्याने नागोजी अण्णांना फोन लावला. पलीकडे मागांचा खटखटाट चालला होता. "अण्णा, कन्नड बॅनरवर बंद लिहिलंय!"

"काय? फोन बंद करू?"

"फोन न्हाय, बॅनर! बन्नि पाहिजे!"

"तेच सांगितलंय की मी बॅनरवाल्याला! असंच मागाजवळ हुभं राहून फोनवर सांगितलं, बन्नि लिही म्हणून! उन्हानं डोकं तापलंय तुमचं. गुमान येऊन पन्हं वाटा!" आणि फोन कट!

"आत्ता कळलं," सौम्याने कपाळाला हात लावला. "ह्यांना जसं ऐकू आलं, तसंच त्या बॅनरवाल्याला ऐकू आलं!"

तेवढ्यात बॅनरखालून एक बाई लेकीचा हात धरून मागे वळल्या. "शहापूर बंदच आहे. हुबळीची बस धरू," असं त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. ब्राह्मी वाऱ्यासारखी धावली.

"अक्कार, बंद अल्री! बर्री, बर्री!" ताई, बंद नाही हो, या!

"मग हे कुणी लिहिलं?" बाईंनी संशयाने विचारलं.

"आमच्या मोठ्या माणसांनी!"

बाई खळखळून हसल्या. त्या बैलहोंगलहून लेकीचा बस्ता बांधायलाच आल्या होत्या. सौम्या त्यांना गल्लीकडे घेऊन निघाली.

पण बाकीच्यांचं काय? झाडाखाली मंडळाची भोंग्याची रिक्षा उभी होती. तिच्यातून मराठी जाहिरात वाजत होती आणि रिक्षावाले भरमूमामा निवांत घोरत होते.

"मामा, माईक द्या!" ब्राह्मीने त्यांना हलवलं.

"अण्णांनी सांगितल्याबिगर न्हाय मिळणार."

"अण्णांनी तुम्हाला काय सांगितलंय? लोकांना बोलवा, हेच न्हवं?"

"व्हय की."

"मग बोलवायला नको का?"

मामांनी डोकं खाजवलं. यात चुकीचं काय ते त्यांना सापडेना! त्यांनी निमूटपणे माईक दिला. विक्रमने चहावाल्याकडून बिस्किटांचा पुठ्ठा आणला, ब्राह्मीने कोळशाने त्यावर ठळक 'बन्नि' लिहिलं, आणि भिंतीवर चढून विक्रमने तो त्या नतद्रष्ट शब्दावर बांधून टाकला. मग रिक्षा गावभर फिरली. "बर्री! शहापूरक्क बर्री!" ब्राह्मीचा आवाज चौकाचौकांत घुमला. बाजारहाटाला आलेले लोक थांबले, हसले आणि शहापूरकडे वळले.

दुपार कलली तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती! बैलहोंगलच्या बाईंना हवी तशी इरकल आप्पांकडे नव्हती. आप्पांनी त्यांना शेजारच्या दुकानात नेऊन बसवलं. शेजारच्यांनी नवरीचा शालू घ्यायला त्यांना परत आप्पांकडे आणलं. नवरी तर आप्पांचा माग बघण्यात अशी रमली, की तिथून हलायलाच तयार नव्हती.

संध्याकाळी मांडवात सगळे जमले. पुठ्ठा बांधण्याआधी काढलेला बॅनरचा फोटो ब्राह्मीने वाचून दाखवला तेव्हा नागोजी अण्णांनी सगळ्यांदेखत कान धरले.

"चूक माझी! छापायच्या आधी एकाला तरी दाखवायला पाहिजे हुतं. आणि पोरांनी सांगितलं तर मी त्यांनाच दटावलं. आजचा बाजार ह्या तिघांनी वाचवला. हितनं फुडं मंडळाचा प्रत्येक बॅनर आधी ही पोरं वाचतील!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मग आप्पा उठले. सभेत ते कधी तोंड उघडत नसत.

"मी एकटा असतो तर कवाच कुलूप लावलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या दारातलं गटार साफ केलं, आपलं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आणून बसवलं. पोरांनी तर कळसच केला. तुमचे उपकार मी विसरणार न्हाय." सौम्याला आपले आप्पा आणि आपली गल्ली एवढी कधीच आवडली नव्हती.

आप्पांनी तिथेच फोन काढला आणि पुण्याला सौम्याच्या मामाला लावला. सौम्या त्यांना खेटून उभी राहिली.

"पावणं, तुम्ही नोकरी बघितली, लई आभार. पण आमचं येणं काय होत न्हाय बघा. तुमच्या पोरीचं लग्न काढलंय न्हवं? मग बस्ता बांधायला तुम्हीच हिकडं या!"