तिची ओळ

सुदामा नगरातल्या अरुंधतीकाकूंनी गाडी विकली तेव्हा गल्लीला वाटलं, आता गॅरेज भाड्यानं जाणार. मोबाइलचं दुकान, नाहीतर ब्यूटी पार्लर. काकूंनी तिथं मुलांची पुस्तकं मांडली. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे गल्ली म्हणाली, जित्याची खोड, दुसरं काय! भिंतींना फळ्या ठोकल्या, खाली सतरंजी आली आणि सतरंजीवर समोरासमोर, जोडीजोडीनं छोटी आसनं. थंडीच्या दिवसांत शटर अर्ध्यावर ओढलं की आत जुन्या कागदाचा आणि तितक्याच जुन्या इंजिन ऑइलचा वास कोंडून राहायचा.

रविवारी सकाळी पोहे हादडून मुलं तिथं जमायची. काकूंची रीत साधी होती. पुस्तक एक, मुलं दोन. एक ओळ याची, पुढची ओळ त्याची. जोडीदार अडला तर हसायचं नाही, शब्द सांगायची घाई करायची नाही, नुसतं थांबायचं. अगदीच गाडी हलेना तर पहिलं अक्षर हळूच पुढे सरकवायचं. "वाचायला सगळेच शिकवतात गं," काकू म्हणायच्या, "थांबायला कोण शिकवतं?"

शुभदाला हे पटलं होतं. निदान दुसरा काही उपाय उरला नव्हता. नवऱ्याच्या, विजयच्या बदलीमुळे ती सांगलीहून इंदूरला आली, तिला पीथमपूरला पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरीही मिळाली. ओतकामातली केसाएवढी चीर तिला दिसायची. पण पोटच्या पोरीचं काय बिनसलंय ते दिसायला तिला उशीर झाला. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात कस्तुरीला हिंदीचा धडा मोठ्यानं वाचायला उभं केलं होतं. तिचा सांगलीचा हेल ऐकून वर्ग हसला होता. त्या दिवसापासून पोरीनं मोठ्यानं वाचणं सोडलं, हिंदी नाही, मराठी नाही, काहीच नाही. बोलायची भरपूर, मनातल्या मनात वाचायचीही. मोठ्यानं वाच म्हटलं की ओठ घट्ट. दुधानं तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून पितात, ही तर ताकाला शिवेचना.

शाळेच्या बाईंनी दिवाळीनंतर स्पष्ट सांगितलं, मार्चच्या तोंडी परीक्षेत वाचली नाही तर तिसरीतच ठेवावं लागेल. शुभदानं ढीगभर पुस्तकं आणली. रोज संध्याकाळी लेकीशेजारी बसून ती ओळीवर बोट ठेवायची. "हं, वाच." ओठ कसेबसे उघडलेच तर पहिल्याच शब्दाला शुभदा म्हणायची, "असं नाही, नीट." आणि ओठ पुन्हा मिटायचे. चीर शोधायची सवय घरी आल्यावर उतरवून ठेवता येत नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी कस्तुरी गॅरेजमध्ये आली. मुलांची संख्या विषम निघाली, हीच एक उरली. काकूंनी तिला कोपऱ्यातलं आसन दाखवलं. समोरचं आसन रिकामं होतं.

"बिटिया, तुझी जोडी हिच्याशी. समज ना, कोणी बसलंय. बिलकुल घाबरायचं नाही."

शुभदा बाहेर, शटरपाशी उभी होती. मुलांच्या कलकलाटातून एक आवाज वेगळा झाला. कितीतरी महिन्यांत तिनं तो ऐकला नव्हता. कस्तुरी वाचत होती. सांगलीच्या हेलासकट, रमतगमत, मोठ्यानं. शुभदानं पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे पुसले.

पुढच्या रविवारी ती आत जाऊन लेकीच्या पाठीमागे बसली. गोष्ट एका उंटाची होती, चष्मा हरवलेल्या. कस्तुरीनं वाचलं, "उंट म्हणाला, माझा चष्मा कुणी पाहिला का?" आणि ती थांबली. समोर बघत राहिली. बराच वेळ गेला. मग स्वतःशीच खुदकन हसून तिनं वाचलं, "उंटानं नाकाला हात लावला." मधली चिमणीची ओळ तिनं वाचलीच नव्हती. तिथं नुसती शांतता होती.

मुलं खेळतातच अशी. रिकाम्या कपातला चहा पाहुण्यांना देतात, ते बिचारे फुंकून पितात. शुभदाला गंमत वाटली. घरी जाताना तिनं विचारलं, "तुझ्यासमोर कोण बसतं गं?"

"ती बसते ना."

"तिला येतं वाचायला?"

"कुठे येतं? पहिल्या दिवशी तर तिला अक्षरं पण समझत नव्हती. मी थांबते मग."

त्यानंतर शुभदा पाठीमागे बसून त्या शांततांकडे लक्ष देऊ लागली. कस्तुरी थांबली की ती सुटलेली ओळ मनात वाचायची. सुरुवातीला शुभदाची ओळ मनात वाचून कितीतरी वेळ झाला तरी कस्तुरी थांबलेलीच असायची. मग हळूहळू तो वेळ आटत गेला. सोप्या ओळीला कमी, जोडाक्षरांच्या ओळीला जास्त. एकदा "ज्वारीच्या ताटांआड" अशी ओळ होती. शांतता लांबली. कस्तुरी वाकली आणि अगदी हळू, काकूंच्या रीतीनं म्हणाली, "ज्वा..." मग मान डोलावून तिनं आपली ओळ वाचली.

आणखी एक गोष्ट शुभदाच्या ध्यानात आली. कस्तुरी पुस्तक उलटं धरायची. चित्रं समोरच्या आसनाकडे आणि अक्षरं तिच्या बाजूनं उलटी. तरीही ती वाचायची.

फेब्रुवारी संपेपर्यंत त्या शांतता शुभदाच्या मनातल्या वाचनाबरोबर संपायला लागल्या.

तिनं काकूंना गाठलं. काकू फळीवरची पुस्तकं सारखी करत होत्या. एरवी गप्पांना बसल्या की संध्याकाळ करणारी बाई, पण आज त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"काकू, तिथं आधी कुणी बसायचं का?"

"उरलेली मुलं मी त्या आसनासमोरच बसवते, शुभदा. किती वर्षांपासून. शाळेत होते तेव्हा पण बसवायची. कधी कोणी शिकायत नाही केली."

"म्हणजे?"

"वाचतेय ना तुझी पोरगी? मग टेन्शन काहेका?" काकूंनी एक पुस्तक उगाच काढून पुन्हा तिथंच ठेवलं.

शुभदाचा पिंड चाचणी घेणाऱ्या माणसाचा. तिनं दुकानातून एकाच नव्या पुस्तकाच्या दोन प्रती आणल्या. कस्तुरीला ते पुस्तक आधी दिसूही दिलं नाही. एका प्रतीतली एकाआड एक समोरासमोरची पानं तिनं तिन्ही मोकळ्या कडांनी एकमेकांना स्टेपल करून टाकली आणि ती प्रत रविवारी लेकीला दिली. "आज ओळ नाही, आज पान. बंद पानं तिची." उघडी प्रत तिनं समोरच्या रिकाम्या आसनापुढे नेऊन ठेवली आणि स्वतः त्या प्रतीवर नजर ठेवून बसली. कस्तुरी जागची उठली नाही. समोरची प्रत मिटलेलीच राहिली. निदान शुभदाला तरी ती मिटलेलीच दिसली.

वाचन संपल्यावर तिनं लेकीच्या हातातली प्रत घेतली. एकही पिन हललेली नव्हती.

"काय गोष्ट होती गं?"

कस्तुरीनं सगळी गोष्ट सांगितली. विहिरीत पडलेली घंटा, ती काढायला उतरलेली बेडकी, आणि बेडकीनं घंटेतच थाटलेला संसार. बेडकीचा संसार बंद पानांत होता.

"हे तुला कसं कळलं?"

"तिनं वाचलं ना," कस्तुरी म्हणाली. असं काय विचारतेस, असा तिचा चेहरा होता. "आता छान वाचते ती. फक्त खूप हळू बोलते."

त्या रात्री शुभदानं विजयला काही सांगितलं नाही. सांगणार काय? तिनं फक्त ठरवलं की आता रविवार बंद.

घरी पुन्हा ओठ मिटले. शुभदानं पुस्तक पुढे धरलं, लाडीगोडी लावली, एकदा आवाजही चढवला. कस्तुरी चित्रांकडे बघत राहायची. परीक्षा तोंडावर आली होती. एका दुपारी वरणभाताचा घास तसाच ठेवून पोरगी म्हणाली, "तिचं उंटाचं पुस्तक अर्धं राहिलंय. ती वाट बघत असेल."

शुभदाला भीती वाटली. पण त्याहून जास्त दुसरं काहीतरी वाटलं आणि त्याचं नाव मत्सर होतं. आपली लेक कुणासाठी तरी थांबते. कुणाच्या तरी अडण्यावर हसत नाही. आणि त्या कुणीतरीसमोर तिचा आवाज मोकळा होतो. मुलाला शिकवणारं माणूस लागतं असं सगळे म्हणतात. खरं तर त्याला लागतं ते आपल्याकडून शिकणारं कुणीतरी. एवढी साधी गोष्ट एका रिकाम्या आसनाला कळली होती, आईला नाही. तिनं मनाशी ठरवलं, त्या जागी मी बसेन. मी अडेन, मी चुकेन, माझ्यासाठी थांबेल ती.

रविवारी ती लेकीला घेऊन गॅरेजमध्ये गेली. उन्हं तापायला लागली होती, शटर पूर्ण वर होतं. मुलं आपापल्या ओळींत गुंग होती. शुभदा सरळ कोपऱ्यात गेली आणि रिकाम्या आसनावर मांडी घालून बसली.

कस्तुरी घाबरून म्हणाली, "आई, तिथं नको ना!"

"आज मी तुझी जोडीदार."

"मग ती कुठे बसणार?"

कस्तुरी आईकडे बघत राहिली, मग थोडं खाली, आईच्या मांडीकडे. तिचा चेहरा निवळला.

"बरं. चालेल म्हणते."

तिनं उंटाचं पुस्तक उघडलं आणि आईकडे वळवून धरलं. शुभदानं पहिली ओळ वाचली. मुद्दाम अडखळत. कस्तुरी थांबली. हसली नाही. मग तिनं आपली ओळ वाचली.

मोठ्यानं. जिवंत माणसासमोर. आईच्या डोळ्यांत बघून.

परीक्षा, शाळा, तिसरीचा वर्ग, सगळं त्या क्षणी लांब गेलं. तिनं पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं, तशी कस्तुरीनं बोट वर केलं.

"ही तिची."

शुभदा थांबली. आसपास मुलं वाचत होती. या कोपऱ्यात मात्र काही ऐकू येत नव्हतं. हनुवटीपाशी थोडी ऊब जाणवली, एवढंच. ऊन सरकलं असावं.

मग शुभदाची ओळ. कस्तुरीची. शांतता. पुन्हा शुभदाची.

किती पानं झाली कुणास ठाऊक. शुभदा भीती विसरली. वाचताना तिला हसूही आलं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या, पण आत आल्या नाहीत.

शेवटचं पान आलं. शुभदानं आपली ओळ वाचली, कस्तुरीनं स्वतःची. एक ओळ उरली.

दोघी थांबल्या.

बऱ्याच वेळानं कस्तुरीनं पुस्तक आवाज न करता मिटलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"उठू नको हं आई," ती कुजबुजली. "तिला झोप लागली."

शुभदाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पाय जड होऊन पार बधिर झाला होता. ती हलली नाही. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला उजवा हात मघापासून एका लयीत थोपटतोय.

तो मांडीला टेकत नव्हता.