डाव्या मांडीवरचा ठोका

१९८३ साली मी मानवतकडच्या कापसावर विमानातून औषध फवारायचो. सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून उजाडताच उडायचं. पण पूर्वेकडे जाताना ऊन नेमकं डोळ्यांत आणि काचेवर औषधाचा चिकट थर. समोरचं काही म्हणता काही दिसायचं नाही.

आमच्या मेकॅनिकने, नागनाथने, त्यावर उपाय काढला. माझ्या दोन्ही मांड्यांना पट्टे बांधले, प्रत्येकात एक छोटी मोटर. शेताच्या टोकाला आमचा गडी आसाराम वायरलेसची पेटी घेऊन उभा राही. विमान भरकटलं की तो बटण दाबायचा. डाव्या मांडीवर ठोका पडला की डावीकडे, उजव्या मांडीवर पडला की उजवीकडे.

आसारामचा एक बैल आंधळा होता. गाडीवर बसून तो त्याला पायाच्या अंगठ्याने असाच टोचून वळवायचा.

"तुमी बी माझा बैलच की, सायेब," म्हणून हसायचा. मला ते मुळीच आवडायचं नाही.

सप्टेंबरात तो पेटी हातात धरूनच कोसळला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मीही तेच म्हणतो. माझ्या औषधाचं नाव कुणी घ्यायचं नाही.

नागनाथने पट्टे काढून कपाटात ठेवले. पुढे एका सकाळी मी विमानात चढायला लागलो तसं त्याने अडवलं.

"काय करायलाव, सायेब? आज आसारामचा तेरावा हाय. उद्या उडा."

"अळी तेरावा पाळत नाही," मी म्हणालो आणि उडालो. शेत मला तोंडपाठ होतं.

वळून खाली आलो. ऊन डोळ्यांत.

डाव्या मांडीवर ठोका पडला.

खाली पाहिलं. नुसती पँट. पुन्हा ठोका पडला. हा मोटरीचा नव्हता. जाड नखाचा, पायाचा अंगठा होता.

डावीकडे विजेच्या तारा होत्या. याला मला तारांत घालायचंय! घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त संतापलो.

"मी तुझा बैल नाही, आसाराम!"

ठोक्यांवर ठोके. मांडी ठणकायला लागली. मी दांडी तसूभर हलू दिली नाही.

सरळ गेलो. औषध सोडलं.

ठोके थांबले.

उतरलो तो जिंकल्याच्या तोऱ्यातच. मग शेताच्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला.

जिथे आसाराम पडला होता तिथे त्याची बायको गोजरबाई नैवेद्याचं ताट धरून उभी होती. केस, लुगडं, ताटातला भात, सगळं औषधाने निथळत होतं. नागनाथ धावत जाऊन तिच्यावर पाणी ओतू लागला.

तिने माझ्या मांडीकडे पाहिलं.

"इमानाचा आवाज आला तसं म्या त्यायला म्हनलं व्हतं, सायबाला डावीकडं घ्या," ती शांतपणे म्हणाली. "तुमी ऐकलं न्हाई व्हय त्यायचं?"